टिचकी मारून घेतलेल्या काठ्या

गोल्फच्या काठ्या निवडण्याचं काम मी आयुष्यात एकदाच केलं आणि त्यानंतर घरातली मीठमिरचीसुद्धा हे स्वतः आणू लागले.

दुष्काळाचं साल होतं. केडगावात एका खोलीत आम्ही तिघं राहायचो: हे, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. हे नगरच्या कँपात कोठारावर कारकून होते, पण हंगामी. ह्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं, ते मेजरसाहेबांच्या हातात होतं. घर म्हणजे जामखेडकडे. तिकडे आमच्या विहिरीत पाणी सोडून सगळं होतं! (शेळी पायऱ्या उतरून आत सावलीला बसायची.) त्यामुळे साहेबांना शिंक आली तरी आम्ही केडगावात देवाला हात जोडायचो.

एका संध्याकाळी हे घरी आले ते तोंड पाडून.

"साहेबांनी विचारलं, गोल्फ खेळता का? रविवारी जोडीला कोणी येतच नाही म्हणे. एकाचं डोकं दुखतं, एकाची कंबर धरते."

"मग?"

"मी म्हटलं, खेळतो की थोडंफार."

"पण तुम्ही तर विटीदांडूच..."

"पुढं ऐक. ते म्हणाले, काठ्या आहेत ना स्वतःच्या? मी म्हटलं, आहेत की!"

आत्याबाईंचा भाकरीवरचा हात थांबला. "आरं, एका दमात दोन थापा? म्या येका येळंला येकच थापती!"

नशिबाने दुसऱ्याच एका साहेबांची बदली झाली होती आणि शनिवारी त्यांच्या बंगल्यावर सामान विकायला काढलं होतं. त्यात काठ्या होत्या. पण ह्यांना सुट्टी नव्हती.

"तूच जा आणि घेऊन ये," हे मला म्हणाले.

मी? मी पिठाच्या गिरणीत आपला नंबर आला हेसुद्धा सांगत नसे. सगळ्या बाया दळून घरी जाईपर्यंत भिंतीला चिकटून उभी राहायची. पण जामखेडची विहीर आठवली. स्टोव्हसाठी साठवलेले पैसे कनवटीला लावले आणि आत्याबाईंच्या मागे मागे निघाले.

बंगल्याच्या व्हरांड्यात त्या बदलीवाल्या साहेबांचे म्हातारे खानसामा सामान मांडून बसले होते. काठ्यांच्या दोन पिशव्या होत्या. त्यांनी विचारलं, "खेळणारा कसा आहे? हात बसलेला की नवखा?"

मी पदर ओढून जमिनीकडे बघत राहिले. आत्याबाईंनी मात्र कंबरेवर हात ठेवला. "नवखा? माझ्या ल्योकानं विटीदांडूत आख्खं गाव पळवलंय!"

"म्हणजे नवखाच," खानसामा म्हणाले आणि पहिली पिशवी पुढे सरकवली. "मग ह्या घ्या, बाई. बुडाला जाड आहेत. घाव थोडा चुकला तरी बॉल पुढे जातो. त्या दुसऱ्या पातळ पात्याच्या आहेत, त्या मुरलेल्या माणसाच्या. नेमका मध्यावर घाव बसला तरच खरं, नाहीतर हाताला झिणझिण्या!"

आता बघा, माणूस इतकं सरळ सांगत होता. पण मी आजवर बाजारात भांडी घेतलेली बाई! पोचे पडलेलं भांडं दुकानदार आधी पुढे करतो, हे मला पाठ. वाकून बघितलं तर पहिल्या पिशवीतल्या काठ्या जाडजूड, मळकट आणि खरंच पोचे पडलेल्या! दुसऱ्या पिशवीतल्या मात्र लखलखीत, विळीच्या पात्यासारख्या पातळ. मी एकेका काठीच्या लोखंडाला टिचकी मारली. जाड काठी 'थद्द' वाजली. पातळ काठी 'टिंग' वाजली!

"आत्याबाई," मी हळूच कुजबुजले, "ह्या 'टिंग'वाल्या."

"बाई, खेळणाऱ्याकडे बघून..." खानसामांनी एक शेवटचा प्रयत्न केला.

"आमाला गळकी घागर नगं!" आत्याबाई म्हणाल्या आणि व्यवहार मिटला.

रविवारी सकाळी हे खांद्यावर पिशवी टाकून निघाले. आत्याबाई म्हणाल्या, "ल्योक जिकताना मला बघायचंय." म्हणून आम्ही दोघीही भाकरी आणि पाण्याचा पितळी तांब्या घेऊन मैदानाच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसलो. मैदान म्हणजे नुसता माळ. गवत औषधालाही नव्हतं.

मेजरसाहेब आले. उंच, मोठ्या मिश्यांचे, बोलणं सातारकडचं. ह्यांच्या काठ्या बघून त्यांचा चेहराच उतरला.

"अहो, ह्या तर मुरलेल्या खेळाडूच्या काठ्या! थोडंफार खेळतो म्हणालात ना?"

"थोडंफारच, साहेब."

"किती हो नम्र! चला, आधी तुम्ही."

ह्यांनी काठी उगारली, डोळे मिटले आणि हाणली. बॉल जागच्या जागी!

"हा नुसता सरावाचा घाव वाटतं," साहेब आदराने म्हणाले.

दुसऱ्या घावाला भलंमोठं ढेकूळ उडालं आणि साहेबांच्या पांढऱ्या विजारीवर फुटलं. बॉल अजून तिथेच. लिंबाखालून आत्याबाई ओरडल्या, "आरं, खेळायला आलाय का नांगरटीला?"

मी त्यांचा हात दाबला. माझ्या डोळ्यांसमोर बैलगाडीत रचलेलं आमचं सामान दिसायला लागलं होतं.

तिसरा घाव मात्र बॉलला लागला! फक्त मध्यावर नाही, कडेला. बॉल पुढे जायच्या ऐवजी आडवा सुटला, थेट लिंबाकडे. मी पदरात तोंड खुपसलं. टण्ण! आमच्या तांब्याला हा एवढा पोचा पडला आणि पाणी सगळं माझ्या मांडीवर.

साहेब धावत आले, मागून हे काठी टाकून.

"लागलं का कोणाला?"

"आमाला न्हाई, तांब्याला लागलं," आत्याबाई म्हणाल्या.

साहेबांनी वळून ह्यांच्याकडे बघितलं. "खरं सांगा. ह्या काठ्या कोणी निवडल्या?"

ह्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. (सप्तपदी चाललेला माणूस!)

"काय बघून घेतल्यात, ताई?"

मी पदर आणखी पुढे ओढला. उत्तर दिलं ते आत्याबाईंनीच. "टिचक्या मारून घेतल्यात हिनं! येक येक वाजवून. पोचा न्हाई कुटं."

साहेबांची मिशी थरथरायला लागली. झालं, म्हटलं, गेली नोकरी! आणि साहेब मटकन खालीच बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग उठून त्यांनी स्वतःची पिशवी आणली. आतल्या काठ्याही तशाच! पातळ, लखलखीत.

"मीही चकाकी बघूनच घेतल्या," ते हळू आवाजात म्हणाले. "आता परत कशा करणार? लोक काय म्हणतील! आता बघा." त्यांनी बॉल मारला. तो आडवा जाऊन घाणेरीच्या झुडपात शिरला. "माझ्या जोडीदारांची डोकी का दुखतात, कळलं? अर्धा दिवस माझा बॉल शोधण्यात जातो त्यांचा. पण तुमचं बघून वाटतंय, आज मी जिंकणार!"

आणि जिंकले! ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघांनी मिळून तो माळ उकरला. प्रत्येक वेळी ह्यांच्याकडून ढेकूळ उडालं की साहेबांच्या चेहऱ्यावर तेज चढायचं. जाताना त्यांनी आमच्यातली भाकरी मागून खाल्ली आणि आत्याबाईंना वाकून नमस्कार केला.

सोमवारी हे कामावरून आले आणि दारातच बसले.

"कायम केलं," म्हणाले.

मी ओल्या हाताने तशीच चुलीपुढे बसले आणि किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला. आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

"पण साहेबांची एक अट आहे," हे पुढे म्हणाले. "दर रविवारी खेळायला यायचं. आणि काठ्या बदलायच्या नाहीत!"

तेव्हापासून हे पोचा पडलेल्या तांब्यातूनच पाणी पितात आणि प्रत्येक घोटाला माझ्याकडे बघतात. बघू देत. आयुष्यात एकच गोष्ट मी टिचकी न मारता, मान वर करून न बघता घेतली, ती म्हणजे खुद्द हे. आणि मी घेतलेल्यांपैकी तेवढीच चांगली निघाली.