दिवे गेल्यानंतरची वृषाली

सकाळी डबे भरत होते तेव्हा आंबिवलीहून वृषालीच्या बाबांचा फोन आला. "आपली वृषाली गेली. विमानाचा अपघात झाला. तू ये," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. डोंबिवलीहून निघाले तरी वाटत होतं, बाबांच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल... पोचले तर ओटीवर माणसं बसलेली होती.

कल्याणच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. घरची भातशेती पुढे इमारतींखाली गेली, तेव्हा आलेल्या पैशातून गावात बाकीच्यांनी बंगले बांधले. बाबांनी मुलीला विमान चालवायला शिकायला पाठवलं. नातेवाईक लग्नाचं विचारायचे. "ते ती बघेल," म्हणायचे बाबा. शिकून झाल्यावर ती विदर्भातल्या एका फ्लाइंग क्लबात शिकवायला लागली. मोठ्या विमान कंपनीत का जात नाहीस, असं मी एकदा ठाण्यात तलावपाळीवर बसलेलो असताना विचारलेलं. शिकवायला आवडतं, म्हणाली, आणि भेळेचा कागद चुरगाळत दुसऱ्याच विषयावर गेली. तशी चिडकी होती. मी फोन उचलला नाही तर पुढचे दोन दिवस तीही उचलायची नाही.

काही आठवड्यांनी मिहीर बाबांच्या घरी आला. अपघाताच्या रात्री विमानात वृषालीच्या शेजारी बसलेला विद्यार्थी, तिशीत नोकरी सोडून विमान शिकायला आलेला. पायाला प्लास्टर, काखेत कुबड्या. मीही तेव्हा तिथेच होते. त्यानं सगळं क्रमानं सांगितलं. रात्रीच्या सरावात असताना विमानात वीज तयार करणारं यंत्र बंद पडलं. बॅटरीवर थोडा वेळ निघाला, मग दिवे, रेडिओ, सगळंच गेलं. इंजिन चालू होतं, पण समोरचे काटे दिसेनात. वृषालीनं विमान स्वतःच्या हाती घेतलं आणि मिहीरला टॉर्च वेगाच्या काट्यावर धरायला लावला. धावपट्टी सापडली. पण उतरताना वेग कमी करायला पंखांचे जे भाग खाली येतात ते विजेवर चालतात, ते आले नाहीत. पुढचा दिवाही नव्हता. विमान वेगात टेकलं आणि पट्टी संपल्यावर झाडावर गेलं. धडक तिच्या बाजूला बसली. वीज का गेली, याची चौकशी अजून चालू आहे.

तोवर भेटायला येणारा प्रत्येकजण बाबांना सांगत होता, वाघीण होती, घाबरली नसेल. बाबा नुसती मान हलवायचे. मिहीरला मात्र त्यांनी विचारलं, "ती घाबरलेली का? मना खरं सांग."



"हो काका. मॅडम म्हणाल्या, 'मिहीर, मला भीती वाटतेय, म्हणून हळू बोलते. नीट ऐक.' मग शेवटपर्यंत प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होत्या."

बाबा म्हणाले, "बरं झालं, तू बाजूला व्हतास."

इतका वेळ नीट बोलत असलेला मिहीर तेव्हा रडला. बाबांनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तांदळाची भाकरी आणि मासळीचं कालवण त्यांनी स्वतः वाढलं.

गेल्या आठवड्यात दुपारी गेले तर बाबा खाली नव्हते. वरच्या खोलीत, वृषालीच्या पलंगावर पडलेले होते. खुर्चीच्या पाठीवर तिचा पांढरा शर्ट होता, धुऊन, इस्त्री करून पुन्हा तिथेच ठेवलेला. मला बघून ते उठून बसले.

"या खोलीत वारा चांगला येतो," म्हणाले, आणि मला बसायला जागा करत भिंतीकडे सरकले.