मंगलच्या बाळंतपणाचा तातडीचा अहवाल

आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मगच सांगतो. मागं एकाला हे सांगत होतो, तर त्यानं माझ्या नव्या शर्टावर फवारा मारला.

तर आता काय सांगू तुम्हाला, मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस. परंड्यापासून अर्ध्या तासावर आमचा दवाखाना. दोन खोल्या, एक लिंबाचं झाड आणि कर्मचारी दोन: मी आणि शैला मॅडम.

एक दिवस वरून हुकूम आला. रोजचा अहवाल इथून पुढं मोबाइलवर, साहेबांच्या ग्रुपवर टाकायचा. आता माझी बोटं बघा! एक अक्षर दाबायला गेलो की तीन उठतात. 'जंतनाशक' लिहीपर्यंत मी घामाघूम. शेवटी शैला मॅडमला दया आली.

"सर, कशाला बडवताय त्याला? हे माइकचं चित्र दाबा आणि बोला. तुम्ही बोलाल तोवर ते लिहील. गप्प बसलात की तेही गप्प."

"मराठीत?"

"मराठीतच."

"आपल्या? इकडच्या?"

"बोलून तर बघा!"

मी चित्र दाबलं, घसा खाकरला आणि म्हणालो, "दोन शेळ्यांना लई हगवण."

आणि काय हो! काचेवर अक्षरं उमटली: दोन शेळ्यांना लई हगवण. 'लई'सुद्धा! अंगावर काटा आला राव. ज्यानं कुणी हे बनवलं, त्यानं माझी शेळी कधी बघितली नसंल, पण तिचं दुखणं बरोबर लिहिलं! चार दिवस मी येईल त्याला धरून हा चमत्कार दाखवला. फोन देवघरात ठेवायचाच काय तो बाकी होता.

पाचव्या दिवशी शैला मॅडम रजेवर होत्या. जेवण उरकून मी ऐटीत अहवाल बोलायला बसलो. "माननीय साहेब, आज दवाखान्यात…"

एवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि सोजरबाईची हाक आली. सोजरबाई म्हणजे सत्तरीची एकटी बाई. घरात दुसरं जिवंत म्हणाल तर एक गाय. मंगळवारी जन्मली म्हणून तिचं नाव मंगल.

"सायब, माजी मंगल अडलीया वो! सकाळधरनं कळा देतीया!"

मी फोन खिशात कोंबला आणि धावलो. गाय टेम्पोतच बसली होती, डोळे पांढरे करून. वासराचा एकच पाय बाहेर, दुसरा आत मुडपलेला. अशा वेळी घटकाभर उशीर झाला तर दोन्ही जीव जातात. सोजरबाई गाईच्या तोंडावरनं हात फिरवत होती.

"आजी, पाय मुडपलाय. हात आत घालतो. शिंगं धरा!" मी टेम्पोवाल्यावर ओरडलो. "नीट धरा शिंगं! पायाला दोरी बांधा! ओढा! अजून ओढा! आलं डोकं!"

वासरू बाहेर आलं. सोजरबाई म्हणाली, "पोरगी हाय वो सायब!"

"श्वास घेत न्हाय. नाकात काडी घाला!" मी म्हणालो.

टेम्पोवाल्यानं गवताची काडी नाकात फिरवली. मग कुणीच बोललं नाही. मी छाती चोळत होतो, सोजरबाईचे हात जोडलेले. किती वेळ गेला देव जाणे. आणि कालवड शिंकली! मोठ्यांदा! "आई भवानी!" म्हणत सोजरबाईनं तिला पोटाशी धरलं.

हात धुऊन फोन काढला. चष्मा टेम्पोत राहिलेला. बघतो तर काचभर मजकूर! मी बोललो होतो चार शब्द, आणि हे एवढं? म्हटलं, वा रे पठ्ठ्या! साहेबांना काय लागतं ते ओळखून यानं पुढचं आपलं आपणच लिहिलं! मी मनातल्या मनात हात जोडले आणि पाठवायचं बटण दाबलं. फोन टेबलावर ठेवून परत कालवड बघायला गेलो.

वीस मिनिटांनी भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली. आत एक नर्सबाई, हातात पेटी.

"बाळंतीण कुठंय? मंगल कुठंय?"

"ही काय," सोजरबाईनं कौतुकानं बोट दाखवलं.

नर्सबाईंनी गाईकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग स्वतःचा मोबाइल काढून वाचायला लागल्या:

"माननीय साहेब आज दवाखान्यात माजी मंगल अडलीया सकाळधरनं कळा देतीया आजी पाय मुडपलाय हात आत घालतो शिंदे धरा नीट धरा शिंदे पायाला दोरी बांधा ओढा अजून ओढा आलं डोकं पोरगी हाय वो सायब श्वास घेत न्हाय नाकात काडी घाला."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण खरं सांगू? त्याही वेळी मनात आलं काय, तर 'अडलीया'सुद्धा बरोबर लिहिलंय!

"तुमच्या साहेबांनी हे पाठवून सांगितलं, जनावरांच्या दवाखान्यात बाईचं बाळंतपण करायलेत," त्या म्हणाल्या. "आणि हे शिंदे कोण?"

"बाई, ते शिंदे नाही, 'शिंगं' आहे…"

नर्सबाईंनी मोबाइल खिशात टाकला. मग त्या टेम्पोला मागं लावलेल्या फळीवरून वर चढल्या, आलेच आहे तर म्हणून कालवडीच्या छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "बाळ ठणठणीत आहे." सोजरबाईनं त्यांच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं!

टेबलावरचा फोन उचलला. साहेबांचे अकरा फोन येऊन गेलेले. बारावा वाजला.

"अहो, काय चाललंय? ग्रुपमधले दोघं गाडी काढून तुमच्याकडं निघालेत! पाठवायच्या आधी वाचत नाही?"

"साहेब, लांबलचक दिसला… वाटलं, यंत्रानंच भर घातली."

मग साहेब हळूच म्हणाले, "गाय कशी आहे?"

"दोघी बऱ्या आहेत साहेब."

"बरं झालं. आणि एक सांगू का? इतकी वर्षं तुमचे अहवाल येतात माझ्याकडं. शेवटपर्यंत वाचलेला हा पहिलाच!"