दोन आठवड्यांचा खोकला

मधे चार महिने मला आजारी असण्याचं काम होतं. दवाखान्यात जायचं, रांगेत बसायचं, आत गेल्यावर एकच वाक्य बोलायचं, "डॉक्टर, खोकला आहे, बारीक तापही येतो," आणि गप्प राहायचं. डॉक्टरांनी विचारलं तरच पुढचं सांगायचं: खोकला दोन आठवड्यांपासून आहे, बेडका पडतो, भूक मेली, वजन उतरलं. नाही विचारलं तर आपण होऊन काही बोलायचं नाही. बाहेर गल्लीच्या तोंडाशी रिक्षात आमच्या मॅडम कागद घेऊन बसलेल्या असत. डॉक्टरांनी काय काय विचारलं, छातीला नळी लावली का, थुंकी तपासायला पाठवलं का, हे विसरायच्या आत त्यांना सांगायचं.

ऐकणारे हसतात. मला मात्र त्या चार महिन्यांत एक दिवस भीतीवाचून गेला नाही. आपण पकडले जाऊ ही भीती. कोणी झटकन सुई टोचेल ही भीती. आणि सगळ्यात मोठी भीती ही की जो आजार मी नाटकात घेऊन फिरत होतो, तो मला एकदा खरोखर झाला होता. दिवसभर खोकून घरी आलो की बायको माझ्या छातीवर हात ठेवून विचारायची, "अहो, हा शेवटचा खोकला कामाचा होता ना?"

मी भंडाऱ्याकडचा, धानाच्या मुलखातला. आठवीत शाळा सुटली आणि पुढं काही वर्षांनी वाळूजच्या एका कंपनीत लागलो. पडेगावात खोली घेतली. इथं माझं कोणी नव्हतं. मी 'का'ऐवजी 'काऊन' म्हटलं की मशीनवरचे सगळे मिळून 'कामून रे, कामून' करून चिडवायचे. त्यात खोकला लागला. तीन दवाखाने केले, तिघांनीही सिरप दिलं. चौथे पडेगावातलेच एक डॉक्टर, तेव्हाच साठीला आलेले. त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. किती दिवस झाले, बेडक्यात रक्त आहे का, घरात कोणाला होता का, असं धडाधड विचारलं आणि थुंकीची डबी हातात ठेवली. टीबी निघाला.

सरकारी केंद्रात सहा महिने फुकट गोळ्या होत्या. तिसऱ्या महिन्यात पोटात काही ठरेना म्हणून मी गोळ्या सोडल्या, कोणाला सांगितलं नाही. चार दिवसांनी डॉक्टर स्कूटरवरून खोलीवर आले. केंद्रातून त्यांना कळलं होतं. आत नाही आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, "माझ्यासमोर गीळ. मी इथंच थांबतो." मी गिळेपर्यंत ते हलले नाहीत. पुढं लग्न झालं, मूल झालं. त्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. पाया पडलो असतो तर त्यांनी रागावून हाकललं असतं.

कंपनीनं आमची लाइन बंद केली तेव्हा केंद्रातल्या सिस्टरनी या कामाचं सांगितलं. परदेशातल्या आणि आपल्याकडच्या काही संस्था मिळून ते काम करत होत्या. आधी माझी थुंकी आणि छातीचा फोटो तपासून घेतला. साफ होतं. मग उस्मानपुऱ्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन आठवडे आम्हाला आजारी पडायला शिकवलं. शिकवायला आफ्रिकेतल्या एका देशातून एक बाई आल्या होत्या, धिप्पाड, आवाज मऊ. त्यांनी स्वतः त्यांच्या देशात अशीच कितीतरी वर्षं खोटी दुखणी केली होती. त्या इंग्रजीत बोलायच्या आणि आमच्या मॅडम मराठीत सांगायच्या.

हाच रोगी, हाच खोकला, हीच वाक्यं चार देशांत जाणार आहेत, असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. प्रत्येक देश स्वतःबद्दल चांगलंच लिहून पाठवतो. दवाखाने किती, खाटा किती, डॉक्टर किती, हे कागदावर मोजता येतं. पण खोकणारा गरीब माणूस दारात उभा राहिला की त्याचं काय होतं, ते कागदावर दिसत नाही. म्हणून सगळीकडं एकसारखाच माणूस पाठवायचा आणि बघायचं. दोन आठवड्यांत मी एकच प्रश्न विचारला. तिकडंही सिरपच देतात का?

मॅडमनी तो इंग्रजीत सांगितला. त्या बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "तिकडंही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आपण जातोय."

सुई कशी चुकवायची तेही त्यांनी शिकवलं. दंड धरून उठायचं आणि म्हणायचं, सुई नको, मागं चक्कर आली होती. आम्ही एकमेकांवर पेनाची सुई करून सराव केला. एक नियम त्यांनी तीन वेळा सांगितला. यादीतला डॉक्टर ओळखीचा निघाला तर सांगायचं आणि जायचं नाही. डॉक्टरांनी आधी सह्या दिल्या होत्या की कधीतरी असा कोणी येईल. कोण आणि कधी, हे त्यांना माहीत नसायचं.

तिसऱ्या महिन्यात रिक्षात मॅडमनी दुसऱ्या दिवसाची यादी वाचली आणि त्यात पडेगावचे माझे डॉक्टर निघाले.

मी ओळखीचं सांगितलं नाही. गल्लीत लोक म्हणायचे, डॉक्टर आता थकले, गर्दी लई वाढली, दोन मिनिटांत माणूस बाहेर काढतात. दुसरं कोणी गेलं आणि ते नापास झाले तर? मी गेलो तर ते पास होतील, असं मला वाटलं. कसे, ते मी मनातसुद्धा बोललो नाही. मी तेव्हा काडीसारखा होतो, आता पोट सुटलंय, ते ओळखायचे नाहीत, असंही वाटलं.

सकाळी बाकावर माझ्या आधी एक बाई बसली होती. पायाच्या बोटांना वाळलेलं सिमेंट. पदर तोंडाला लावून खोकत होती. दौलताबाद रोडवर पेट्रोल पंपासमोर बिल्डिंगचं काम चाललंय, तिथं पाट्या उचलते म्हणाली. मी विचारलं, कधीपासून खोकताय?

"पोळ्यापासून," ती म्हणाली. दसरा होऊन गेला होता.

तिचा नंबर आला. मधे नुसता पडदा होता. आतून डॉक्टरांचा आवाज आला, काय होतंय? ती म्हणाली, खोकला. मग कागद फाडल्याचा आवाज. ती गुलाबी बाटली घेऊन बाहेर आली आणि चपला शोधू लागली. डॉक्टरांनी दुसरं काहीही विचारलं नव्हतं. तेवढ्यात कंपाउंडरनं मला दिलेलं खोटं नाव पुकारलं.

मी आत जाऊन वाक्य म्हटलं. डॉक्टर लिहीत होते. पेन थांबलं. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. ते घाबरले होते.

"परत?" ते म्हणाले. मग केसपेपर पाहिला. "आणि नाव बदलून आलास होय रे? लाज वाटती टीबीची? किती दिवस झाले?"

"दोन आठवडे."

"दोन आठवडे कुठं मेला होतास?"

त्यांनी सगळं विचारलं. रक्त, ताप, वजन, घरात लहान मूल किती वर्षांचं, बायको खोकते का. मी नेमून दिलेली उत्तरं देत गेलो आणि प्रत्येक उत्तराला ते कागदावर जास्त दाबून लिहीत होते. छातीला नळी लावली, पाठीला लावली. मी सांगू शकत होतो. एका वाक्याचं काम होतं. पण नियम, नोकरी, रिक्षातल्या मॅडम, सगळं आडवं आलं. शेवटी त्यांनी डबी माझ्या मुठीत कोंबली आणि उद्या सकाळची पहिली थुंकी केंद्रात दे म्हणाले.

मिळालेल्या गोळ्या, चिठ्ठ्या सगळं मॅडमकडं जमा करावं लागे. डबीही केली. त्यांचा कागद भरत गेला, एकही रकाना रिकामा राहिला नाही. मॅडमचा चेहरा फुलला होता. असा डॉक्टर इतक्या दिवसांत पहिल्यांदा भेटला म्हणाल्या. मी रिक्षाबाहेर बघत राहिलो. गुलाबी बाटलीवाली बाई रस्त्याच्या कडेनं कामावर चालली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात स्कूटर थांबली. आवाजावरूनच मी ओळखलं आणि मोरीत जाऊन उभा राहिलो. तिथून सगळं ऐकू येत होतं, फटीतून दिसतही होतं. डॉक्टर बायकोला विचारत होते की मी केंद्रात का गेलो नाही. बायकोला कामाचं माहीत होतं, पण त्या दिवशी मी कोणाकडं गेलो ते माहीत नव्हतं. डॉक्टर स्वतः घरी आले म्हटल्यावर तिला वाटलं, खरंच परत झालंय आणि मी तिच्यापासून लपवलंय. तिनं मुलाला उचलून छातीशी धरलं आणि दाराच्या बाहेर जाऊन उभी राहिली. माझ्यापासून लांब. ते बघून मी बाहेर आलो.

सगळं सांगितलं. डॉक्टर दारातच उभे होते, मागच्यासारखेच, हातात दुसरी डबी.

"म्हणजे खोकला नाय?" ते म्हणाले.

"नाही डॉक्टर."

"खरंच नाय?"

"तीन महिन्यांपूर्वी सगळं तपासलंय."

डबी दाराजवळच्या फळीवर ठेवून ते उंबऱ्यावर बसले. टाळूवरून रुमाल फिरवला. मला वाटलं आता शिव्या देतील, पण ते हसायला लागले. "सही दिली होती मी. तो खोटा पेशंट तू व्हय? मग पास का मी?"

बायको मुलाला घेऊन आत आली. पाणी दिलं. इथं मी थांबलो असतो तर सगळं गोड झालं असतं. ते पाणी पीत होते. या माणसामुळं मी जिवंत आहे. त्याच्या तोंडावर हे कसं बोलू, असं वाटत असतानाच मी बोललो.

"डॉक्टर, माझ्याआधी एक बाई होती. ती पोळ्यापासून खोकतेय."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग एवढंच विचारलं, "कुठं राहती?"

मी पंपासमोरच्या कामाचं सांगितलं. त्यांनी फळीवर ठेवलेली माझी डबी उचलून परत खिशात घातली.

"तुझा तपासणीचा कागद तीन महिन्यांपूर्वीचा हाय. तुला उद्या देतो दुसरी," ते म्हणाले. "तू काय पळून जात नाहीस." आणि स्कूटर पंपाच्या दिशेनं गेली.

संध्याकाळी मी मॅडमना फोन करून ओळखीचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, ती भेट रद्द करावी लागेल. पण दादा, त्यांनी ते सगळं विचारलं होतं ना?

"विचारलं होतं," मी म्हणालो. "पण मला विचारलं होतं मॅडम. आलेल्या पेशंटला नाही."

त्यांनी मला कामावरून काढलं नाही. ते उपकारही माझ्यावर आहेत. डॉक्टरांकडं पुढं कोण गेलं, त्याच्या कागदावर काय भरलं, ते मला कळायचं नव्हतं आणि कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबी आणायला गेलो तेव्हा डॉक्टर नजर न उचलता म्हणाले, बाई सापडली, डबी दिली, पण आज आणून दिली नाही तिनं. दुपारी मी बिल्डिंगवर गेलो. सगळ्या बायकांनी धुळीसाठी तोंडं बांधलेली. तिनंच मला ओळखलं आणि घाईनं वाळूच्या ढिगाआड नेलं. मुकादमाला टीबीचा वास जरी लागला तर उद्या कामावर उभं करायचा नाही, म्हणाली. ही भीती मला पाठ होती. ती मला कोणी शिकवली नव्हती. मी म्हणालो, सकाळी सातला मी पंपापाशी उभा राहतो, मलाही माझी डबी द्यायचीच आहे. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

सातला मी उभा होतो. सव्वासात झाले. साडेसात झाले. खिशातली डबी गरम झाली होती आणि माझा स्वतःचा रिपोर्ट काय येईल या विचारानं मी ती सारखी चाचपत होतो. तो दोन दिवसांनी साफ आला, पण तेव्हा ते कुठं माहीत होतं.

मग ती आली. पदराखाली काहीतरी धरलं होतं. माझ्याकडं पाहिलं नाही, आणि मी चालू लागलो तशी वीस पावलं अंतर ठेवून मागं चालू लागली, आम्ही एकाच ठिकाणी निघालोय हे कोणाला कळू नये म्हणून. मीही मागं वळलो नाही. केंद्रापर्यंत तिचा खोकला मागून ऐकू येत होता. जिथं तो थांबला तिथं मी थांबलो, आणि सुरू झाला की पुढं चाललो.