ठेच्याची दुसरी बाटली

सुप्याच्या एका कंपनीच्या गेटवरचा तो वॉचमन आठवला की आजही माझं डोकं फिरतं. माझा धाकटा भाऊ तिथे कामाला आहे, खोलीवर एकटा राहतो. त्या दिवशी त्याला एकाची दोन माणसं दिसत होती, पापण्या मिटत होत्या, जीभ जड झाली होती. वॉचमनने त्याला "दारू पिऊन येतोस?" म्हणत हाकलून दिलं. ज्याने आयुष्यात थेंब घेतला नाही त्याला! संध्याकाळी त्याला घोटही गिळवेना. नगरच्या दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर ठेवला.

काय काय खाल्लं ते विचारता विचारता डॉक्टर ठेच्यावर येऊन थांबले.

बीपी आणि पित्तामुळे त्याचं मीठ आणि आंबट कमी केलेलं, म्हणून काष्टीहून आईने वेगळा ठेचा पाठवला होता. मिरची, भरपूर लसूण, मीठ नावाला, लिंबू नाही. वर बोटभर तेल, झाकण घट्ट. आमच्याकडे ठेचा दोन दिवसांत संपतो, तो कुणी साठवत नाही. याने तीन आठवडे पुरवून खाल्ला, तोही फ्रीजबाहेर ठेवून. डॉक्टर म्हणाले, मीठ-आंबट नसलेल्या अशा बिनहवेच्या बाटलीतच नसा लुळ्या करणारं जंतूंचं विष तयार होतं, आणि त्याला वास किंवा चव असेलच असं नाही.

मी तडक काष्टी गाठली. पहिलीबरोबरच त्याच्यासाठी भरून ठेवलेली दुसरी बाटली घरी होती. आईने ती उघडून हुंगली.

"झ्याक वास हाय. माझ्या हातचं कवा नासलं न्हाई," म्हणाली आणि मीठ बघतात तसं बोट बुडवून तोंडाकडे नेलं.

मी तिच्या हातावर फाडकन मारलं. जन्मात पहिल्यांदा. "जीव द्यायचाय का तुला? अक्कल गहाण टाकलीस?" असं काय काय बोलले, आणि तिचा हात साबणाने खसाखसा धुतला.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तूच फोनवर सांगितलं हुतं ना बाई, लोणच्यावानी वर तेल ठेव, हवा लागू देऊ नको म्हणून."

सांगितलं होतं. मी नववीला विज्ञान शिकवते. काही जंतू हवा नसेल तिथेच वाढतात, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते.

भाऊ वाचला. त्याची डावी पापणी अजून पुरती उघडत नाही. तो समोर बसला की मी त्या वॉचमनला शिव्या घालायला लागते. भाऊ म्हणतो, "जाऊ दे ताई, त्याला काय माहीत होतं?"