माझ्या रक्ताला दिलेलं एक मिनिट

माझी बहीण बाळंतपणात गेली असं लोक म्हणतात. खोटं आहे. ती माझ्या रक्ताने गेली, आणि ते तिला चढवणाऱ्या डॉक्टरला मी माफ केलेलं नाही. समजूत काढायला कोणी येऊ नये.

बाळंतपणात रक्त फार गेलं, म्हणून मी हात पुढे केला. डॉक्टरने पांढऱ्या पाटीवर माझ्या रक्ताच्या थेंबात तपासणीचं सीरम मिसळलं. ए किंवा बीच्या सीरमात रक्त रवाळ झालं की तो गट, कशातच झालं नाही तर ओ. पण सोलापूरच्या चैत्रात थेंब लगेच वाळतो आणि वाळला की तोही रवाळच दिसतो. म्हणून त्या दवाखान्यात मिनिटभरात पाटी वाचून धुवायची रीत होती.

"काही नाही. ओ गट. कोणालाही चालतो," डॉक्टर म्हणाला. तिच्या रक्ताशी मेळ घालूनही पाहिला नाही.

रक्त चढताचढताच तिला हुडहुडी भरली. कंबर धरून ओरडली. लघवी काळी झाली, मग बंद. आठव्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाला, "तुमच्या घराण्याचं रक्तच खराब."

ते वाक्य घेऊन मी पुण्याला एका प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या माणसाने थेंब वाळू नये म्हणून पाटीवर ओलं झाकण ठेवलं आणि घड्याळ लावून बसला. सातव्या मिनिटाला बारीक कण दिसले. "तुमचा गट ए, पण दुबळा. उशिरा बोलतो. बहिणीचा बी म्हणालात ना? तिला हे विषच."

घरी मेहुणे म्हणाले, "आता कशाला उकरतुयास रं? बाई गेली की."

"गेली न्हाय दाजी, घालवली."

दवाखान्याच्या ओसरीवर, बाळंतिणींच्या नातेवाइकांसमोर मी डॉक्टरला म्हणालो, "पुन्हा तपासा."

"मला शिकवतोस?"

तरी त्याने माझा थेंब घेऊन सीरम मिसळलं. मिनिट झालं. "बघ, काही नाही," म्हणत तो पाटी उचलू लागला. मी त्याचं मनगट धरलं आणि आतून ओलं फडकं लावलेली, घरून आणलेली वाटी थेंबावर उपडी घातली.

एक म्हातारी पुढे सरली. "बगू द्या की त्याला!"

सात मिनिटांनी वाटी उचलली तेव्हा कण सगळ्यांना दिसले. "हे पत्रकात छापून गावभर वाटणार," मी म्हणालो. डॉक्टर हळू आवाजात म्हणाला, "असं क्वचित होतं. पत्रक काढू नकोस. यापुढे मी थांबेन."

त्याच्या चेहऱ्यावरची भीती मला आवडली. खोटं कशाला बोलू?

त्याचं 'यापुढे मी थांबेन' मी पत्रकात मथळा म्हणून छापलं. महिन्याभरात ओसरी ओस पडली. मेहुणे म्हणाले, "बास की आता." मी दुसरी खेप छापायला टाकली.