खंडेनवमीची साफसफाई

दसऱ्याच्या सकाळीच मार्गासनीच्या दूध डेअरीतून भोरला माझ्या घरी फोन आला. डेटाबेस चालू होत नव्हता आणि दूध घालायला आलेली माणसं कॅन घेऊन खोळंबली होती. तिथला लिनक्सचा सर्व्हर मीच बसवला होता, त्यामुळे मिळेल त्या टेम्पोत बसून मी धावतपळत पोचले.

सर्व्हर झेंडूच्या माळांत नवरदेवासारखा सजला होता. मी कमांड दिली. डेटाबेस क्षणभर उठला आणि पुन्हा आडवा झाला. काय बिघडलं याची नोंद असते तो लॉग बघावा म्हटलं, तर लॉगचं अख्खं फोल्डरच गायब! घडलेलं लिहायला जागा नाही, म्हणून गडी उठत नव्हता. मी नवं फोल्डर केलं. तरी ढिम्म. मग आठवलं, फोल्डरची मालकी डेटाबेसच्या नावावर करायला हवी. ती केली मात्र, स्क्रीनवर दूध घालणाऱ्यांची यादी झळकली! बाहेर असा जल्लोष झाला की मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

मग माझं डोकं फिरलं. "फोल्डर कुणी उडवलं?"

डेअरीचे सचिव माझ्या वडिलांच्या वयाचे. ते शांतपणे म्हणाले, "म्या. खंडेनवमीला विळे-कोयते घासतो, तसा काल ह्योबी आतनं साफ केला. तुमीच शिकिवलंय की, ताई."

त्यांनी वही पुढं केली. जुन्या फायलींऐवजी अख्खं फोल्डर पुसणारी ती कमांड माझ्याच सुवाच्य अक्षरात होती, आणि तिच्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं.