खोबऱ्याशिवायची बशी

"आणि दूध? चहात दूध किती घालायची ती, ते राहिलं."

पडद्यामागून हा आवाज आला की आगवाले चाचांची गोष्ट तिथेच थांबायची. बाकावर बसलेले चारपाच जण खाली मान घालून हसू दाबायचे. चाचा घसा साफ करून म्हणायचे, "चमचाभर." मग पडद्यामागून शेरा यायचा, "गेल्या वर्षी दोन थेंब होतं. लढाईत दूध मिळत नव्हतं ना?"

हा आवाज चाचींचा. साठ सालानंतरची काही वर्षं मी दुबईत देऱ्याला राहत होतो. त्याआधी मुंबईत वर्तमानपत्राच्या कचेरीत तारा भाषांतरित करायचो. इथे एका बोट कंपनीच्या एजंटाकडे कारकून होतो. आमच्या गल्लीत बहुतेक बिऱ्हाडं रत्नागिरीकडच्या मुसलमानांची. चाची चाचांच्या मागोमाग बोटीने आल्या आणि एका खोलीत संसार मांडून राहिल्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गल्ली त्यांना चाची म्हणायची. त्या मला 'बातमीवाले भाऊ' म्हणायच्या.

चाचा तरुणपणी आगवाले होते, म्हणजे बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारे. महायुद्धाच्या काळात त्यांची बोट विलायतेत वेल्सच्या एका बंदरात कोळसा भरत असताना बॉम्ब पडले. पाय मोडला. बंदरात राहायला जागा उरली नव्हती, म्हणून त्यांना मागच्या डोंगरातल्या खाणीच्या गावात पाठवलं. तिथे एका खाणकामगाराच्या विधवेने त्यांना माडीवरची खोली दिली. चाचा तिला फक्त 'घरमालकीण' म्हणत.

संध्याकाळी असरच्या नमाजानंतर बाकावर ही गोष्ट निघायची. विमानं यायची बंदरासाठी, पण वाटेत खाणीच्या गावांवरही बॉम्ब टाकून जायची. सगळीकडे काळोख करायचा हुकूम होता. खिडक्या झाकता येत. पण खाणीतून काढलेल्या कचऱ्याचे डोंगर आतून जळत असत, ते कसे झाकणार? वरून ते लाल दिसत. मग गावातले म्हातारे, बायका आणि लंगडणारे चाचा फावड्याने त्यावर ओली राख लोटत. "आयुष्यभर आग पेटवली," चाचा म्हणत, "तिथे विझवायला शिकलो." भोंगा झाला की घरमालकीण त्यांना जिन्याखाली बसवायची.

"जिन्याखाली नाही, जिन्याखालच्या कोळशाच्या कपाटात," पडद्यामागून दुरुस्ती यायची. "आणि कपाट किती मोठं, तेही सांगा. दोन माणसं मावतील एवढं."

माणसाला आवडत नसलेली गोष्ट तो विसरतो, असा तुमचा माझ्यासारखाच समज असेल. चाचींनी तो खोटा ठरवला. ते घर त्यांना चाचांपेक्षा जास्त पाठ होतं. किटली कुठल्या बाजूला, जिन्याची कुठली पायरी कुरकुरते, खिडकीचा काळा पडदा कोणी शिवला, सगळं. कधीही न पाहिलेल्या त्या घरात त्या रोज जाऊन यायच्या, आणि प्रत्येक फेरीत काहीतरी नवं खुपायचं.

घरमालकिणीने चाचांना लोकरीचा एक करडा मफलर विणून दिला होता. देऱ्याच्या उकाड्यात त्याचा उपयोग शून्य. चाचींनी तो शोधून काढला. त्या मफलरने त्या चुलीवरचं गरम पातेलं उतरवायच्या. त्याला जागोजाग जळकी भोकं पडली होती. चाचा पाहायचे आणि बाकावर जाऊन बसायचे.

गोष्टीचा शेवट मात्र नेहमी एकच. "मग एक दिवस बोटीचं बोलावणं आलं. सकाळी निघालो." पुढे काही नाही. कोणी विचारलंच तर चाचा उठून आत जायचे. तेव्हा पडद्यामागेही शांतता असायची.

एके दिवशी आमच्या कचेरीत निरोप आला की त्याच बंदराला जाणाऱ्या बोटीवर इंजिनखोलीत एक जुना माणूस हवा आहे. हे चाचांना कुठून कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्या टेबलाशी उभे. वय झालंय, पाय साथ देत नाही, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी नाव लिहायला लावलंच.

संध्याकाळी चाचींनी बोलावणं धाडलं. पडदा अर्धा बाजूला होता. त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही.

"भाऊ, नाव खोडा."

ते माझ्या हातात नाही, असं मी सांगितलं. त्या थोडा वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे गेले तर परत येणार नाहीत. मला माहीत आहे. पहिल्यांदा परत आले, कारण बोटीने बोलावलं. आता कोण बोलावणार आहे? मी विचारलं तर बोलायचे नाहीत. तुम्ही विचारा. ती अजून खोली भाड्याने देते का, एवढंच."

मी विचारलं. बाकावर आम्ही दोघेच होतो. पडदा नेहमीसारखा ओढलेला. चाचा, मी म्हणालो, एवढ्या वर्षांनी तिथे कशाला जाता?

त्यांनी मोडका पाय सरळ केला.

"कबर कुठे आहे ते बघायचं होतं," ते म्हणाले.

आत तांदूळ पाखडणाऱ्या सुपाचा आवाज थांबला.

मग त्यांनी गोष्टीचा राहिलेला भाग सांगितला. तो फार मोठा नव्हता. सकाळी ते निघाले. त्याच रात्री बॉम्ब पडून घरांची ती आख्खी रांग गेली. बंदरात त्यांना ते तिसऱ्या दिवशी कळलं. बोट तोवर सुटायला आली होती. मागे जायला कोणी देईना. त्या सुमारास मुंबईला मी ज्या तारा भाषांतरित करायचो, त्यांत अशा गावांना नाव नसायचं. 'कोळशाच्या भागावर हल्ला, नुकसान किरकोळ,' एवढंच असायचं.

पडदा सरकला. चाची दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्यासमोर त्या अशा पहिल्यांदाच आल्या.

"इतकी वर्षं," त्या चाचांना म्हणाल्या, "तुम्ही मला मेलेल्या बाईशी भांडू दिलंत?"

चाचांनी वर पाहिलं नाही. "अगो, तू भांडायचीस तोवर ती जिवंत होती."

चाची आत गेल्या. त्या रात्री त्यांच्याकडे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतः येऊन नाव खोडायला सांगितलं. दोरीवर तो भोकाभोकांचा मफलर धुऊन वाळत घातलेला होता. पुढे चाची पातेलं साध्या फडक्याने उतरवू लागल्या.

काही दिवसांनी शब-ए-बरात आली. त्या संध्याकाळी आपल्या गेलेल्या माणसांच्या नावाने गोड करायचं, त्यावर कुराण पढून फातिहा द्यायची, ही त्यांच्याकडची रीत. चाचींनी रव्याचा शिरा केला होता. सासूसासऱ्यांच्या, आईबापांच्या बश्या मांडून झाल्या. शेवटी त्यांनी आणखी एक बशी ठेवली.

"नाव काय तिचं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हा एकच तपशील त्यांनी विचारला नव्हता. चाचा अडखळले. "मेरी. पण ती आपल्यातली नव्हती. चालेल का?"

"परक्या मुलखात जखमी माणसाला घरात घेतलं. पुढचं अल्लाला ठरवू दे."

बाकी बश्यांवर ओलं खोबरं भरपूर पेरलेलं होतं. या बशीवर नव्हतं. माझी नजर गेलेली त्यांना दिसली.

"तिच्या डोंगरात कुठे माड आहेत?" त्या म्हणाल्या. मग बशी सरळ करत हळूच, "आणि सगळंच सारखं द्यायला मी काही एवढी मोठी नाही, भाऊ."

दोन वर्षांनी लेकीच्या बाळंतपणासाठी त्या गावी निघाल्या. खाडीच्या धक्क्यावर मी त्यांची ट्रंक पोचवायला गेलो होतो. चाचा लाँचवाल्याशी बोलत होते, तेवढ्यात त्यांनी मला बजावलं, "मी नसताना गोष्ट सांगितलीच, तर दूध चमचाभरच सांगू द्या. वाढवलं तर मला कळवा."

कळवायची वेळ आली नाही. लेक सुखरूप सुटली, पण पाठोपाठ चाचींना ताप आला आणि त्यात त्या गेल्या. तार आमच्याच कचेरीत आली. ती चाचांना मी वाचून दाखवली. त्यानंतर गल्लीत ती गोष्ट पुन्हा कोणी ऐकली नाही. बाकावर चाचा बसायचे, पण गोष्टीत ज्या जागी पडद्यामागून आवाज यायचा, तिथे पोचायचं त्यांना धैर्य होत नसावं.

पुढच्या शब-ए-बरातला सूर्यास्ताच्या सुमारास मी त्यांच्याकडे गेलो. शिरा त्यांनी स्वतः केला होता, तळाला लागला होता. जुन्या बश्या मांडलेल्या होत्या. चाचींच्या बशीत शिरा दिसू नये इतकं खोबरं होतं. तिच्यापासून हातभर अंतरावर मेरीची बशी, कोरडी.

खवलेलं अर्धी वाटी खोबरं उरलं होतं. मी वाटी उचलली आणि यातलं थोडं तिकडे घालू का, असं विचारलं.

दारावरचा पडदा अजून तसाच होता. चाचांनी त्याच्याकडे पाहिलं.

"नको," ते आवाज खाली आणून म्हणाले. "कळेल तिला."